आतड्याच्या कॅन्सरचा जाब एकट्या रुग्णाला विचारू नका

घरातल्या कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "असं काय खात होते ते?" भेटायला आलेले पाहुणे पेशंटच्या पोटाकडे बघतात. पोट सुटलेलं असेल तर सगळ्यांना उत्तर मिळाल्यासारखं वाटतं. नसेल तर "दारू नाही, तंबाखू नाही, अंगानंही बारीक, मग यांनाच कसं झालं?" म्हणून सगळे गप्प होतात. दोन्ही वेळा चौकशी त्या एका माणसाभोवतीच फिरते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत शरीरातली चरबी आणि आतड्यातले जिवाणू यांच्याबद्दल जे समजलं आहे ते नीट वाचलं, तर ही चौकशी चुकीच्या दारात चाललीय असं मला वाटतं. जाब रेशन दुकानाच्या धोरणाला, शाळेच्या फाटकाला आणि आरोग्य उपकेंद्रातल्या अर्जाला विचारायला हवा.

या कॅन्सरचा आवाका आधी बघू. २०२० साली जगात सुमारे १९ लाख लोकांना तो नव्याने झाला आणि नऊ लाखांहून जास्त लोक त्यानं गेले. कॅन्सरनं होणाऱ्या मृत्यूंत फुप्फुसाच्या कॅन्सरनंतर याचाच क्रमांक लागतो. भारतात दरवर्षी अंदाजे ६५ ते ७० हजार नवे रुग्ण सापडतात. लोकसंख्येच्या मानानं हे प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा बरंच कमी आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. पण आपल्याकडे येणारा रुग्ण तरुण असतो आणि उशिरा येतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या ८०० रुग्णांच्या एका पाहणीत त्यांचं सरासरी वय पन्नाशीच्या आत निघालं. म्हणजे पोरांची शिक्षणं व्हायचीत, बागेचं कर्ज फिटायचंय, अशा वयातली माणसं.

आता वजन. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये उपलब्ध पुरावा तपासून सांगितलं, की शरीरातल्या जादा चरबीचा १३ प्रकारच्या कॅन्सरशी संबंध आहे. त्यात मोठं आतडं आणि गुदाशय आहे. लठ्ठ माणसाला हा कॅन्सर होण्याची शक्यता बेताच्या वजनाच्या माणसापेक्षा साधारण १.३ पट. एका माणसापुरतं बघितलं तर हा आकडा फार भीतीदायक नाही. तंबाखू आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांच्यातलं नातं याच्या कितीतरी पट घट्ट आहे. पण १.३ पट हा धोका गावातल्या दर चौथ्या माणसाला लागू झाला, की एकूण आकडा मोठा होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ च्या दरम्यान, देशातल्या २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले.

चरबी नुसती साठून राहत नाही. विशेषतः पोटाच्या आतली, अवयवांभोवतीची चरबी रक्तात सतत दाह वाढवणारी रसायनं सोडते. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं, मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं. इन्सुलिन हे वाढीचा निरोप देणारं संप्रेरक आहे. आतड्याचं अस्तर मुळातच दर चार-पाच दिवसांनी नवं होतं, तिथल्या पेशी अखंड विभागत असतात. अशा ठिकाणी वर्षानुवर्षं "वाढा, वाढा" हा निरोप आणि जोडीला दाह राहिला, तर बिघडलेली एखादी पेशी वेळेत मरण्याऐवजी टिकून राहण्याची शक्यता वाढते.

इथे आपल्या लोकांसाठी वजनकाटा फसवा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि आपले ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. उंचीच्या प्रमाणातलं वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, ही आपल्याकडची ठेवण आहे. गर्भात असताना आईचं पोषण कसं होतं, इथपर्यंत तिची मुळं जातात हे याज्ञिकांच्या पुण्याजवळच्या खेड्यांतल्या कामातून पुढे आलं. म्हणून भारतीयांसाठी कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. "अंगानं बारीक" म्हणून जो माणूस निश्चिंत असतो, त्याच्या कंबरेभोवती टेप लावली तर कदाचित वेगळं चित्र दिसेल. आणि जी गोष्ट आईच्या पोटात असताना ठरायला सुरुवात झाली, तिचा दोष त्याच्या जिभेवर कसा ढकलायचा?

आता जिवाणूंकडे येऊ. माणसाच्या शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. आपण जो चोथा पचवू शकत नाही, धान्याचा कोंडा, कडधान्याची सालं, भाजीच्या शिरा, तो त्यांचा आहार. तो आंबवून ते ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात, आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्याच ब्युटिरेटवर जगतात. दाह कमी ठेवण्यात आणि बिघडलेल्या पेशी मरू देण्यात त्याचा हात असतो. चोथा कमी आणि तेलतूप जास्त झालं की उलटं घडतं. चरबी पचवायला यकृत जास्त पित्त सोडतं, त्यातलं काही मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं आणि तिथले काही जिवाणू त्याचं अस्तराला इजा करणाऱ्या आम्लांत रूपांतर करतात. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत उसाला वर्षानुवर्षं पाट भरून पाणी आणि पोत्यांनी युरिया दिला, शेणखत बंद केलं, तेव्हा मातीतले जिवाणू उपाशी राहिले आणि जमिनी क्षारपड झाल्या. वरून पीक काही वर्षं हिरवंगार दिसत होतं.

खाणं बदललं की आतडं किती लवकर बदलतं, याचा एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधले २० कृष्णवर्णीय आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खेड्यांतले २० जण यांच्या ताटांची दोन आठवड्यांसाठी अदलाबदल केली. अमेरिकनांना रोज ५५ ग्रॅम तंतू, म्हणजे हाच चोथा, मिळेल असं आफ्रिकी पद्धतीचं जेवण दिलं, आफ्रिकनांचा तंतू १२ ग्रॅमवर आणून त्यांना चरबीयुक्त अमेरिकी जेवण दिलं. अवघ्या चौदा दिवसांत अमेरिकनांत ब्युटिरेट वाढलं, अस्तराचा दाह उतरला. आफ्रिकनांत ब्युटिरेट घटलं आणि पित्तापासून बनणारी घातक आम्लं वाढली. चौदा दिवसांत कॅन्सर होत नाही किंवा टळत नाही, हे उघड आहे. आतड्याच्या अस्तरावर उगवलेल्या साध्या कोंबापासून, म्हणजे पॉलिपपासून, कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. पण ती दहा वर्षं कुठल्या वातावरणात जाणार, हे रोजचं ताट ठरवतं.

काही जिवाणूंवर तर थेट संशय आहे. फ्युझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा मुळात तोंडातला, हिरड्यांच्या आजारात वाढणारा जिवाणू. तो आतड्याच्या गाठींत मोठ्या संख्येनं सापडतो हे २०११-१२ च्या सुमारास दोन गटांनी दाखवलं. पुढे २०१७ मध्ये असं दिसलं, की गाठ यकृतात पसरते तेव्हा हा जिवाणूही तिच्याबरोबर तिथे पोचलेला असतो. तो गाठ सुरू करतो, की आयती गाठ बघून तिथे वस्तीला येतो, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. दुसरा संशयित ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचा एक प्रकार. तो कोलिबॅक्टिन नावाचं विष तयार करतो आणि ते विष पेशीच्या डीएनएवर ओळखू येईल अशी खूण सोडतं. एप्रिल २०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ रुग्णांच्या गाठींचा डीएनए वाचून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही खूण सत्तरीच्या पुढच्या रुग्णांपेक्षा चाळिशीच्या आतल्या रुग्णांत ३.३ पट जास्त आढळली. आणि ती उमटली असावी बहुधा वयाच्या पहिल्या दहा वर्षांत.

ही शेवटची ओळ मला फार महत्त्वाची वाटते. चाळिशीत कॅन्सर झालेल्या माणसाच्या पेशीवर पहिला ओरखडा तो तिसरी-चौथीत असताना उमटला असेल, तर "तुम्ही खाण्यावर ताबा ठेवायला हवा होता" हे वाक्य आपण कुणाला उद्देशून बोलतो? आठ वर्षांच्या पोराला? त्याच्या शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ विकायला मनाई करणारा नियम २०२० सालीच देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं केला आहे. मधल्या सुट्टीत सांगलीतल्या वा मिरजेतल्या कुठल्याही शाळेबाहेर उभं राहून बघावं. पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा फाटकाला जवळजवळ टेकलेल्या असतात. गाडेवाल्यावर माझा राग नाही, त्याचंही घर त्यावर चालतं. नियम केला, पण तो पाळला जातो का हे प्रत्यक्ष येऊन कुणी बघत नाही, हा माझा आक्षेप आहे.

मोठ्यांच्या ताटाचंही तेच. जुनी माणसं सांगतात, आम्ही भाकरी खाल्ली म्हणून टिकलो, चपातीनं वाटोळं केलं. हे पूर्ण खरं नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आहेत आणि गव्हाच्या आट्यात ११. चपातीला दोष देण्यात अर्थ नाही. पण पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात ते ३ ग्रॅमच्याही आत आहेत, आणि अख्ख्या हरभऱ्यात २५. बदल घडला तो इथे. सकाळच्या चहात टोस्ट, खारी नाहीतर बटर, दुपारी शहरात असलो तर वडापाव, रात्री भाताचा ढीग आणि वर पातळ आमटी. हुलग्याचं माडगं, मटकी-चवळीच्या उसळी, ज्वारीच्या कण्या, तांदुळजा, चाकवत, अंबाडी हे सगळं हळूहळू मागे पडलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी रोज निदान २५ ग्रॅम तंतू आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळं सांगते. वरच्या ताटातून तो हिशेब जुळणं अवघड आहे.

आणि हे ताट प्रत्येकानं आपापल्या मर्जीनं निवडलं, असं नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांचं पाणी खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, जतपर्यंत गेलं. दुष्काळी शिवारात द्राक्ष, डाळिंब, ऊस आला. ज्यांनी टँकरच्या रांगेत बालपण काढलं त्यांच्या हातात पैसा आला, याचा मला आनंदच आहे. पण शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, आणि कडधान्याचं रान कमी झालं, घरची कणगी गेली, आणि धान्य दुकानातून यायला लागलं. रेशनवर मुख्यतः तांदूळ आणि गहू. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याचीही तरतूद आहे, एक रुपया किलो हा दरसुद्धा कायद्यात लिहिलेला होता. २०२३ पासून तर रेशनचं धान्य फुकटच आहे. जतच्या शिवेपलीकडे कर्नाटकात सरकारनं शेतकऱ्याकडून नाचणी-ज्वारी विकत घेऊन रेशनवर दिलेली आहे. भारताच्याच पुढाकारानं २०२३ हे जागतिक भरडधान्य वर्ष झालं, तेव्हा शाळांमध्ये पोस्टर स्पर्धा झाल्या. जतच्या शाळूला हमीभावानं खरेदी आणि सांगलीच्या रेशन कार्डावर महिन्याला पाच किलोंतली दोन किलो ज्वारी, जोडीला अख्खं कडधान्य, ही मागणी त्या पोस्टरांपेक्षा जास्त कामाची ठरली असती. मजुराच्या घरी तंतू वाढवायचा दुसरा कुठला रस्ता आहे? सालाडचा सल्ला त्याला देऊन काय उपयोग?

सल्ल्यानं काय होतं आणि काय होत नाही, याचा एक स्वच्छ पुरावा २०२५ मध्ये मिळाला. कॅनडाच्या पुढाकारानं, ऑपरेशन आणि केमो झालेल्या ८८९ आतड्याच्या रुग्णांवर एक चाचणी झाली. एका गटाला व्यायाम-आहाराची माहितीपुस्तिका दिली. दुसऱ्या गटाला तीन वर्षं प्रशिक्षक दिला, जो भेटत होता, चालायला लावत होता, पुन्हापुन्हा विचारत होता. पाच वर्षांनी कॅन्सर न उलटता जगणारे पुस्तिकेच्या गटात ७४ टक्के होते, प्रशिक्षकाच्या गटात ८० टक्के. माणसाला नुसतं सांगितलं आणि माणसाच्या सोबत कुणी चाललं, यातला हा फरक. आपल्याकडे तर केमो झालेल्या माणसाला घरचे पलंगावरून उठू देत नाहीत.

याच पोकळीत बाजार शिरलाय. आतडं "स्वच्छ" करणारी चूर्णं, "चांगले जिवाणू" भरलेल्या महागड्या कॅप्सूल, पोट धुऊन काढण्याची शिबिरं. दही-ताक जरूर घ्यावं, उन्हाळ्यात आंबील प्यावी, चांगलंच आहे. पण कुठलीही कॅप्सूल किंवा चूर्ण आतड्याचा कॅन्सर टाळतं असा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. बाहेरून जिवाणू आणून सोडले आणि त्यांना खायला चोथाच दिला नाही, तर ते टिकत नाहीत.

आता ज्या गोष्टीवर मला सर्वांत जास्त बोलायचंय ती. शौचावाटे रक्त जाणं. सांगली-मिरज रस्त्यानं जावं, विटा, तासगाव, जतच्या एसटी स्टँडबाहेर बघावं, "मूळव्याध, भगंदर, फिशर, विनाऑपरेशन खात्रीशीर इलाज" अशा पाट्या जागोजागी आहेत. रक्त गेलं की माणूस आधी कुणाला सांगत नाही, मग गुपचूप त्या पाटीखाली जातो. शौचावाटे रक्त जाणाऱ्या बहुतेकांना मूळव्याधच असते, हे खरं आहे. पण ती आहे हे न तपासता ठरवणं हा गुन्हा आहे, हा शब्द मी जाणूनबुजून वापरतोय. आमच्या नात्यातल्या एका शेतकऱ्याला वर्षभर मलम आणि पुड्या चालू होत्या. त्या वर्षात एकाही उपचारकानं गुदद्वारात बोट घालून तपासलं नव्हतं. पुढे मिरजेत ती तपासणी झाली, एक मिनिट लागलं, आणि गाठ बोटाला लागली. गुदाशयातल्या गाठींचा मोठा वाटा असा नुसत्या बोटाला लागू शकतो. त्याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, एक हातमोजा लागतो आणि संकोच बाजूला ठेवावा लागतो.

उजव्या बाजूच्या आतड्यातली गाठ तर डोळ्यांना दिसेल असं रक्तही देत नाही. थेंबथेंब रक्त जात राहतं आणि माणूस पांढरा पडतो. पुरुषाचं हिमोग्लोबिन विनाकारण उतरलं तर काही डॉक्टर तरी पुढची तपासणी सांगतात. बाईचं उतरलं तर लोहाच्या गोळ्या देऊन विषय संपतो, कारण देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहेच. त्या गर्दीत आतड्याच्या गाठीनं रक्त कमी झालेली बाई कुणाला दिसणार? मग वजन उतरायला लागतं आणि नातेवाईक कौतुकानं म्हणतात, "चांगली बारीक झालीस गं." ज्या समाजात वजन हा फक्त लाजेचा आणि कौतुकाचा विषय असतो, तिथे आजाराचं लक्षण असं शाबासकी मिळवून जातं.

वेळेत सापडण्याची किंमत मोठी आहे. अमेरिकेतल्या नोंदींनुसार कॅन्सर आतड्यापुरता असताना सापडला तर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास आहे. दूरच्या अवयवांत पसरल्यावर ते १५ टक्क्यांच्या घरात येतं.

यावर कुणी म्हणेल, मग अमेरिकेसारखं ४५ व्या वर्षापासून सगळ्यांची कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी, करा. ते मला पटत नाही. आपल्याकडे प्रमाण कमी आहे, तज्ज्ञ थोडे आहेत, आणि निरोगी माणसांच्या रांगेत आजारी माणूस आणखी मागे पडेल. पण जे चालू आहे त्यात भर घालायला काय हरकत आहे? ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा असंसर्गजन्य आजारांचा अर्ज आशाताई घरोघरी भरून घेतात. त्यात कंबरेचा घेरसुद्धा मोजतात. त्या कार्यक्रमात रक्तदाब, मधुमेह आणि तीन कॅन्सर तपासले जातात: तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा. त्याच अर्जात दोन प्रश्न वाढवावेत. शौचावाटे रक्त जातं का, आणि गेल्या काही आठवड्यांत शौचाची सवय बदलली का. "हो" म्हणणाऱ्याची, आणि चाळिशीच्या पुढच्या ज्याचं रक्त कारण न सापडता कमी झालंय त्याची, प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटानं तपासणी आणि शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी चाचणी व्हावी. ब्रिटनमध्ये लक्षणं असलेल्या रुग्णांना आधी हीच शौचाची चाचणी करून मग कोलोनोस्कोपीला पाठवायचं असं २०२३ पासून मार्गदर्शन आहे. चाचणीत रक्त आढळलं किंवा बोटाला गाठ लागली की रुग्णानं मिरजेला जायचं, आणि तिथे त्याला महिन्याच्या आत तारीख मिळायची.

मिरजेचं नाव मी मुद्दाम घेतोय. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथे रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून कर्नाटकापर्यंतचे लोक बैलगाडीनं, रेल्वेनं तिथे ऑपरेशनला येत आले. १९६२ पासून तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. एवढी परंपरा असलेल्या जिल्ह्यात अशी साखळी बांधायला बाहेरून काही आणावं लागणार नाही. खर्चाचा मुद्दा निघेल. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन यांवर सरकार आजही पैसे देतंच. तेच पैसे गाठ आतड्यात असताना खर्च झाले तर कमी लागतील.

हे सगळं मुंबईहून आदेश येईपर्यंत थांबायला नको. जिल्हा नियोजन समितीला आरोग्यासाठी निधी असतो, ग्रामसभेला ठराव करता येतो. दोन वाढीव प्रश्न, प्राथमिक केंद्रात हातमोजे आणि शौचाच्या चाचणीचे संच, शाळेपासून ५० मीटरची मोजून मारलेली रेघ, आणि रेशनवर ज्वारीची मागणी: एवढे चार ठराव येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडायला कुणाची परवानगी लागत नाही. मी माझ्या गावात ते मांडणार आहे, आणि ज्यांना ठरावाचा मसुदा हवा असेल त्यांच्या ग्रामपंचायतीला तो पाठवून देईन.